उतारवयांतील सायकल

साठी उलटलेल्या गृहस्थाची सायकल घरांतून जाते ती बहुधा विकली जाऊन जात नाहीं. आधीं तिच्या चाकांतील हवा जाते. आज भरूं, उद्यां भरूं असें म्हणतां म्हणतां पावसाळा येतो, चेनीवर गंज चढतो, आणि मग कोणीतरी ती उचलून जिन्याखालीं ठेवून देतो. मुलगा म्हणतो, "बाबा, आतां कशाला? रहदारी किती वाढली आहे!" सूनबाईंचें म्हणणें, भाजी दारावर येते, मग बाजारांत जाण्याचा खटाटोप हवा कशाला? शेजारी म्हणतात, आतां आरामाचे दिवस. ह्या बोलण्यांत खोटें असें कांहींच नसतें, आणि माया तर पुरेपूर असते. म्हणूनच तो गृहस्थ वाद घालीत नाहीं. दोन वर्षांनीं तोच गृहस्थ कठड्याला धरून, मध्यें थांबत थांबत जिना चढतांना दिसूं लागला, म्हणजे सायकल वेळींच बंद केली तें बरें झालें, अशी सर्वांची खात्री पटते. शक्ति गेली म्हणून सायकल सुटली, कीं सायकल सुटली म्हणून शक्ति गेली, हा प्रश्न मात्र त्या घरांत कोणी विचारीत नाहीं.

तो विचारण्याजोगा आहे, कारण त्याचें उत्तर केवळ तर्कावर अवलंबून राहिलेलें नाहीं. अमेरिकेंत टेक्सस प्रांतांतील डॅलस येथें 1966 सालीं वीस वर्षांच्या पांच निरोगी तरुणांस तीन आठवडे अंथरुणावर पडून राहावयास लावण्यांत आलें. त्यांना कांहीं आजार नव्हता. नुसतें पडून राहिल्यानें हृदयाची व स्नायूंची काय अवस्था होते, एवढेंच पाहावयाचें होतें. त्यासाठीं योजिलेलें माप आजहि शरीराच्या दमाचें सर्वांत विश्वसनीय माप मानलें जातें. अत्यंत श्रमाच्या वेळीं शरीर एका मिनिटांत किती प्राणवायु वापरूं शकतें, तें हें माप होय. तीन आठवड्यांनंतर त्या तरुणांचें हें माप चतुर्थांशाहून अधिक घसरलें.

खरें नवल पुढेंच आहे. तीस वर्षांनीं, 1996 सालीं, तेच पांच जण पुन्हां तपासले गेले. आतां ते पन्नाशीला आले होते. वजनें वाढलीं होतीं, केंस पिकले असतील. तरीहि त्यांच्या दमाची घट त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणानें झालेल्या घटीपेक्षां कमीच भरली. तीस वर्षांच्या वाढत्या वयानें जें केलें नव्हतें तें एकवीस दिवसांच्या निजण्यानें विसाव्या वर्षीं करून दाखविलें होतें! त्यानंतर त्या पांचांनीं सहा महिने चालणें, हळू धावणें, जागच्या जागीं सायकल फिरविणें असा बेताबेतानें वाढविलेला व्यायाम केला, तेव्हां तीस वर्षांत गेलेला दम जवळजवळ सगळा परत आला. विसाव्या वर्षीं व्यायाम करून त्यांनीं जी उंची गांठली होती तेथवर मात्र पन्नाशींत कोणी पोंचूं शकला नाहीं. वय आपला कर घेतेंच. परंतु घरोघर वयाच्या खात्यावर जी मोठी रक्कम मांडली जाते, तिच्यांतील बराचसा भाग वास्तविक निष्क्रियतेच्या खात्यावर मांडावयास हवा.

पांचच माणसें, तींहि पन्नाशीचीं, असा आक्षेप कोणी घेईल, व तो गैर नाहीं. त्यासाठीं लंडनच्या किंग्ज कॉलेजांतील एका अभ्यासाकडे वळणें इष्ट होईल. तेथें स्टीफन हॅरिज व नॉर्मन लॅझरस ह्या शास्त्रज्ञांनीं 55 ते 79 वर्षें वयाचे 125 हौशी सायकलस्वार निवडले. त्यांत 84 पुरुष व 41 स्त्रिया होत्या. लॅझरस हे स्वतः वृद्ध व मुरलेले सायकलस्वार. तेव्हां विषयाची गोडी पुस्तकी नव्हती. प्रवेशाची अट कडक होती. पुरुषांनीं साडेसहा तासांच्या आंत 100 किलोमीटर व स्त्रियांनीं साडेपांच तासांच्या आंत 60 किलोमीटर सायकल चालवून दाखविली पाहिजे. 2015 सालीं ह्या तपासणीचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हृदय, फुप्फुसें, स्नायु, हाडें, तोल, सर्व कांहीं मोजून झाल्यावर, नुसत्या आंकड्यांवरून अमुक माणूस किती वर्षांचा असावा हें नेमकें सांगतां येईना. वयाशीं त्यांतल्या त्यांत घट्ट नातें दिसलें तें दमाच्या मापाचें. तेंहि वय ओळखण्याइतकें घट्ट नव्हतें.

2018 सालीं त्याच मंडळींच्या स्नायूंची व रक्ताची माहिती पुढें आली. वाढत्या वयाबरोबर स्नायूंचें वजन व बळ कमी व्हावें, अंगावरील चरबी वाढावी, असा जो सार्वत्रिक अनुभव, तो येथें दिसला नाहीं. छातीच्या हाडामागें एक ग्रंथि असते. रोगांशीं लढणाऱ्या कांहीं पेशी तिच्यांत तयार होतात, आणि तारुण्य सरतांच ती झिजूं लागते. ह्या सायकलस्वारांच्या रक्तांत तिच्यांतून नव्यानें निघालेल्या पेशी जवळजवळ तरुणांइतक्या आढळल्या. अर्थात् येथें एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ज्यांची प्रकृति मुळांतच दणकट असते तेच सत्तरींत शंभर किलोमीटर जातात, असेंहि म्हणतां येईल, आणि निवडक माणसांचा अभ्यास तो तर्क पुरता खोडूं शकत नाहीं. व्यायामानें वृद्धाचा तरुण होतो, असें कोणी ह्यावरून सांगूं लागला तर त्याच्यापासून चार पावलें दूर राहावें. वार्धक्य व दुर्बलता ह्या दोन गोष्टी एक नव्हेत, एवढें ह्या अभ्यासानें दाखविलें. आणि तें थोडें नाहीं.

तीच गोष्ट एका माणसाच्या आयुष्यांत पाहावयाची तर फ्रान्समधील रोबेर मार्शां ह्यांचें चरित्र पाहावें. मार्शां 1911 सालीं नोव्हेंबरच्या 26 तारखेस आमियें गांवीं जन्मले. शरीरानें ठेंगणे, उंची पांच फुटांच्या आसपास, वजन उतारवयांत पन्नास किलोच्या घरांत. तरुणपणीं सायकलीचें वेड लागलें, तेव्हां ह्या अंगकाठीचा मुलगा शर्यतींत नांव काढणार नाहीं असें त्यांस ऐकावें लागलें. मग पोटामागें लागणें आलें. पॅरिसच्या अग्निशामक दलांत नोकरी झाली. महायुद्धानंतर व्हेनेझुएलांत मालमोटार हांकणें झालें. कॅनडांत लांकूडतोड झाली. आणि 1960 च्या सुमारास ते मायदेशीं परतले. ह्या सर्व काळांत सायकल मागें पडली होती. ती त्यांनीं पुन्हां हातीं धरली तेव्हां त्यांचें वय सुमारें 67 वर्षांचें होतें! ज्या वयांत इतरांची सायकल जिन्याखालीं जाते त्या वयांत ह्यांची जिन्याखालून बाहेर आली. 1992 सालीं, 81 व्या वर्षीं, ते पॅरिसहून मॉस्कोपर्यंत सायकलीनें गेले.

शंभरी ओलांडल्यावर त्यांनीं एका तासांत किती अंतर कापतां येतें ह्याचा विक्रम करण्याचें मनांत घेतलें. 2012 सालीं त्यांनीं बंदिस्त धावपट्टीवर तासाला 24.251 किलोमीटर अंतर तोडलें. शंभरीपुढील माणसांसाठीं असा वर्ग पूर्वीं नव्हताच. तो त्यांच्यासाठीं करावा लागला. येथवरची हकीकत वृत्तपत्री कौतुकाची झाली. शास्त्राच्या दृष्टीनें महत्त्वाचें तें ह्यानंतर घडलें. व्हेरोनिक बिला ह्या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ बाईंनीं त्यांस विचारपूर्वक तालमींत घेतलें आणि दोन वर्षांनीं पुन्हां मोजलें. 101 व्या वर्षीं शरीराच्या दर किलोमागें मिनिटाला 31 मिलिलिटर प्राणवायु वापरणारा हा मनुष्य 103 व्या वर्षीं 35 वापरूं लागला होता. पायांनीं निर्माण होणारी कमाल शक्ति 90 वॉटवरून 125 वॉटवर गेली होती. 2014 च्या जानेवारींत, वयाच्या 102 व्या वर्षीं, त्यांनीं पॅरिसजवळ एका तासांत 26.927 किलोमीटर अंतर कापलें. म्हणजे शंभराव्या वर्षाच्या आपल्याच विक्रमापेक्षां अडीच किलोमीटरांहून अधिक पुढें. शंभरीनंतर मनुष्य सुधारतो, हें त्यापूर्वीं कोणी कागदावर मांडून दाखविलेलें नव्हतें.

ही तालीम कशी होती? विक्रमवीराची म्हणून कांहीं अघोरी असेल अशी कल्पना होते. ती साफ चुकीची आहे. वर्षाला 5000 किलोमीटर, म्हणजे रोजची सरासरी 14 किलोमीटरांच्या आंतच. त्यांतील शेंकडा 80 भाग अगदीं हलक्या श्रमाचा, म्हणजे शेजाऱ्याशीं गप्पा मारीत जातां येईल असा. उरलेला शेंकडा 20 भाग मात्र दम लागेल, वाक्य तुटेल, अशा नेटाचा. सगळें मर्म ह्या वांटणींत आहे. वयस्क माणसें दोन प्रकारें चुकतात. कांहीं जण रोज एकाच मध्यम वेगानें, ना धड हळू ना धड जोरांत, तोच रस्ता तुडवितात आणि वर्षानुवर्षें तेथेंच राहतात. दुसरे, विशेषतः तरुणपणीं पट्टीचे सायकलपटू असलेले, प्रत्येक दिवशीं स्वतःच्या पंचविशीशीं शर्यत लावतात आणि महिन्याभरांत गुडघा धरून बसतात. हलकें काम पुष्कळ व जड काम थोडें, पण जड काम मुळींच नाहीं असें नव्हे, ही वांटणी एकशें तीन वर्षांच्या शरीरालाहि मानवली. मात्र ज्यांचा व्यायाम वर्षानुवर्षें सुटला आहे, किंवा ज्यांस हृदयाचा, रक्तदाबाचा वा मधुमेहाचा विकार आहे, त्यांनीं ह्या नेटाच्या भागास हात घालण्यापूर्वीं डॉक्टरांस दाखवून घेणें अवश्य आहे. कित्येकांस नाडीचा वेग रोखून धरणारीं औषधें चालूं असतात. त्यांनीं मनगटावर बोट ठेवून श्रम मोजूं नये, कारण नाडी खरें सांगत नाहीं. त्यांस बोलण्याची परीक्षाच बरी. मधुमेहाच्या कांहीं औषधांनीं श्रमाच्या वेळीं रक्तांतील साखर एकाएकीं उतरते. खिशांत चार खडीसाखरेचे खडे असूं द्यावेत.

मार्शां ह्यांच्या मोजणींतील आणखी एक बारकावा ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. त्यांची शक्ति वाढली ती पाय अधिक जोरानें दाबूं लागले म्हणून नव्हे; मुख्यतः ते अधिक जलद फिरूं लागले म्हणून. मिनिटाला 69 फेरे हें जें कमाल प्रमाण होतें, तें 90 पर्यंत गेलें. उतारवयांत ओझें कमी व फेरे अधिक हें सूत्र गुडघ्यांस मानवतें, आणि तें साधावयाचें तर सायकलीला गिअर हवेत. येथें आपल्याकडील कित्येक वडीलधाऱ्यांचा अभिमान आडवा येतो. जन्मभर साधी काळी सायकल चालविली, चढावर उभें राहून पायडल मारलें, आतां हीं पोरांचीं खेळणीं कशाला, असें ते म्हणतात. हा अभिमान चांगला जुना आहे. आंरी देग्रांज ह्या फ्रेंच गृहस्थानें 1893 सालीं एका तासांत 35.325 किलोमीटर सायकल चालवून ह्या प्रकारचा पहिला मान्य विक्रम केला. पुढें 1903 सालीं तूर द फ्रान्स ही जगद्विख्यात शर्यत सुरू करणारा तो हाच. गिअरांची चर्चा निघाली तेव्हां त्यानें तुच्छतेनें लिहिलें कीं, गिअर हे पंचेचाळिशीपुढच्या माणसांसाठीं आहेत. तरुणांनीं स्नायूंच्या बळावर जिंकावें. त्याच्या शर्यतींत स्वारांस आधुनिक गिअर वापरण्याची मोकळीक 1937 पर्यंत मिळाली नाहीं. देग्रांजचा टोमणा पंचेचाळिशीपुढच्या माणसानें टोमणा म्हणून न घेतां सल्ला म्हणून घ्यावा, हें उत्तम!

त्याच काळीं सँ-एतिएन गांवीं पॉल द व्हिव्ही नांवाचा एक संपादक राहत असे. 'व्हेलोसियो' ह्या टोपणनांवानें तो सायकलप्रवासावर लिही, मांसाहार वर्ज्य करी, आणि बदलत्या गिअरांचा पुरस्कार करी. भूक लागण्याच्या आधीं खावें, तहान लागण्याच्या आधीं प्यावें, दमण्याच्या आधीं थांबावें, अशा आशयाचा त्याचा उपदेश सायकलस्वारांत अजून चालतो. त्यांतील तहानेसंबंधींचा भाग वयस्कांस अक्षरशः लागू आहे, कारण वयाबरोबर तहानेची जाणीवच मंद होते. शरीरांतील पाणी घटलें तरी घसा मागत नाहीं. आपल्या वैशाखांत तर ही गोष्ट जिवावर बेतूं शकते. व्हेलोसियो 1930 सालीं, वयाच्या 76 व्या वर्षीं, वारला. तो सायकलीच्या श्रमानें नव्हे, तर गांवच्या रस्त्यावर ट्रामची धडक बसून.

आणि येथें मुलांच्या व सुनांच्या भीतीला न्याय दिला पाहिजे. ती भीति पोकळ नाहीं. विशींतला मुलगा पडला तर खरचटतें. सत्तरींतला मनुष्य पडला तर खुब्याचें हाड मोडतें, आणि खुब्याचें हाड मोडणें ही त्या वयांत साधी गोष्ट नव्हे. परंतु हे अपघात होतात कसे, हें पाहिल्यास उपाय सुचतात. हॉलंडांत म्हातारीं माणसें जितकी सायकल चालवितात तितकी क्वचितच कोठें चालवीत असतील, म्हणून तेथें ह्या विषयाचा बारकाईनें विचार झालेला आहे. वृद्ध सायकलस्वारांचे बरेचसे अपघात कोणाशींहि टक्कर न होतां घडतात, आणि त्यांतील पुष्कळसे चढतांना, उतरतांना किंवा अगदीं सावकाश जातांना घडतात, असें तेथें आढळून आलें आहे. म्हणजे ज्या क्षणीं घरच्यांचें लक्ष रस्त्यावरच्या मोटारीकडे असतें, त्या क्षणीं धोका आपल्याच फाटकापाशीं असतो.

आपल्याकडे तर चढण्याची रीतच धोक्याची. एक पाय पायडलवर ठेवून, दुसऱ्यानें जमिनीला दोनचार रेटे देत, चालत्या सायकलीवर मागून टांग टाकावयाची, ही ऐट तारुण्यांत शोभते. साठीनंतर खुब्याचा सांधा तितका फिरत नाहीं, टांच कॅरिअरला अडते, आणि सायकल व स्वार दोघेहि आडवे होतात. ह्याला साधा उपाय आहे. सायकल उभी ठेवून, ब्रेक दाबून, दांडीवरून पाय पलीकडे न्यावा आणि मगच पायडल मारावें. दांडीवरून पाय नेणेंहि जड जात असेल तर मधली दांडी खालीं असलेली सायकल घ्यावी. तिला लोक लेडीज सायकल म्हणतात, आणि एवढ्या नांवापायीं कित्येक पुरुष ती घेत नाहींत. हॉलंडांतले आजोबा अशाच सायकलीवर बसून बाजारहाट करतात. त्यांच्या पौरुषाला बाध आल्याचें ऐकिवांत नाहीं. सीट किती उंच असावी ह्याचें माप सोपें आहे. सीटवर बसून टांच पायडलवर ठेवली असतां, पायडल अगदीं खालीं गेल्यावर गुडघा जेमतेम सरळ व्हावा. मग पायाचा चवडा पायडलवर आला म्हणजे गुडघ्यांत थोडा बांक राहतो, आणि तोच हवा. सीट फार खालीं ठेवून पायडल मारणें ही गुडघेदुखीला आमंत्रणाची चिठ्ठी होय. तोल ज्यांचा डळमळूं लागला आहे त्यांनीं मात्र गुडघ्याला थोडा जाच सोसून, पाय चटकन् टेकेल इतकी सीट खालीं घ्यावी. येथें सुरक्षितपणास झुकतें माप देणें शहाणपणाचें.

डोक्यावर शिरस्त्राण असावेंच. मान मागें वळवितांना सायकल वळत असेल तर हँडलला आरसा लावावा. डोळ्यांत मोतिबिंदु असेल तर समोरच्या दिव्यानें रस्ता नाहींसा होतो. संध्याकाळचें फिरणें सोडून सकाळचें धरावें. विजेच्या सायकलीची चढावर फार मदत होते व तिच्यावर व्यायामच होत नाहीं हा समज चुकीचा आहे, कारण पायडल मारावेंच लागतें. मात्र ती वजनानें जड असते, आणि उभी करतांना कलली तर म्हाताऱ्या हातांस सांवरत नाहीं. दुकानांत नुसती चालवून न पाहतां ढकलून, वळवून, स्टँडवर लावून पाहावी.

सायकलीची एवढी तरफदारी झाल्यावर तिचें एक उणें सांगणें प्राप्त आहे. शरीराचा भार सीट वाहते म्हणून दुखऱ्या गुडघ्यांस सायकल मानवते, आणि नेमकी तीच गोष्ट हाडांच्या तोट्याची ठरते. हाडें बळकट राहण्यासाठीं त्यांच्यावर भार व धक्का पडावा लागतो. निव्वळ सायकल चालविणाऱ्यांच्या, मोठमोठ्या शर्यतपटूंच्यासुद्धां, कण्याचीं हाडें अनेकदां अपेक्षेहून विरळ आढळलीं आहेत. तेव्हां चालणें, जिना चढणें, हातांत वजन घेऊन उठणें-बसणें, ह्यांची जोड हवीच. जागतिक आरोग्य संघटनेनें 2020 सालीं जीं मार्गदर्शक तत्त्वें दिलीं त्यांत प्रौढांनीं आठवड्यास 150 ते 300 मिनिटें मध्यम श्रमाचा व्यायाम करावा असें आहेच. शिवाय पासष्टीपुढील माणसांस आठवड्यांतून तीन दिवस तोल व बळ वाढविणारा व्यायाम सांगितला आहे. त्याला आखाडा लागत नाहीं. हात न टेकतां खुर्चीवरून दहादां उठणें, भिंतीशीं उभें राहून एका पायावर तोल सांभाळणें, पाटावर बसून जेवण्याची संवय असेल तर ती न मोडणें, एवढ्यानेंहि आरंभ होतो. जमिनीवरून उठतां येणें ही कला एकदां हातची गेली कीं मग फार महाग पडते.

पुण्याला एके काळीं सायकलींचें शहर म्हणत. ती ख्याति आतां राहिलेली नाहीं. रस्ते मोटारींनीं व दुचाकी गाड्यांनीं भरले आहेत. परंतु ज्या पिढीनें पेठांतून शाळाकॉलेजांत डबलसीट ये-जा केली ती पिढी आज साठी-सत्तरींत आहे. हॅंडल कसें धरावें हें तिला कोणी शिकवावयास नको. तें ज्ञान हातापायांत मुरलेलें असतें. तिला सवड हवी ती रस्त्याची व घरच्यांच्या अनुमतीची. रस्त्याची सवड पहांटे मिळते. पावसाची भुरभुर, वाळू, व ओलसर शेवाळ असेल त्या दिवशीं घरीं बसण्यांत कमीपणा नाहीं. पहिल्या आठवड्यांत दहा मिनिटें सपाट रस्त्यानें जाऊन परत येणें पुष्कळ झालें. मग दर आठवड्यास थोडी थोडी भर घालावी, आणि दोन महिन्यांपर्यंत नेटाचा भाग आठवूंहि नये.

घरच्यांच्या अनुमतीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. मुलांस बापाचें हाड प्रिय असतें, बापास आपलें पाऊल. आणि दोघेहि बरोबर असतात. म्हणून 'बंद करा' ह्या शब्दापाशीं भांडण न आणतां, काय बंद करावें ह्याचा निवाडा एकत्र बसून करावा. मुख्य रस्ता बंद, मागची गल्ली चालूं. रात्र बंद, सकाळ चालूं. उंच सायकल बंद, खालच्या दांडीची किंवा तीन चाकी चालूं. चक्कर येणें, श्रमानें छातींत दाटणें, ओळखीचा रस्ता चुकणें, मागून येणाऱ्या गाडीचा आवाज न ऐकूं येणें, ह्यांपैकीं कांहीं घडूं लागलें तर मात्र हट्ट धरूं नये. चक्कर व छातीचें दुखणें डॉक्टरांकडे जावयाचें, आणि रस्ता तेवढा सुटावयाचा. कारण रस्ता सुटला म्हणजे पायडल सुटलेंच पाहिजे असें नाहीं. जागच्या जागीं फिरणारी सायकल खिडकीशीं मांडली, शेजारीं आकाशवाणी लावली, कीं अर्धा तास सहज जातो, आणि तेथें ट्राम येत नाहीं.

मार्शां ह्यांनीं असेंच केलें. 2017 च्या जानेवारींत, 105 वर्षांचे असतांना, त्यांनीं आणखी एकदां तासाची धांव घेतली व 22.547 किलोमीटर अंतर कापलें. शेवटचीं दहा मिनिटें उरल्याची पाटी दिसली नाहीं, नाहीं तर आणखी जोरांत गेलों असतों, अशी तक्रार त्यांनीं उतरल्यावर केली. त्यानंतर कानांनीं दगा दिला. मागून येणाऱ्या वाहनाची चाहूल लागेनाशी झाली, तेव्हां त्यांनीं बाहेरचा रस्ता सोडला आणि घरांतील स्थिर सायकलीवर पाय फिरवीत राहिले. 22 मे 2021 रोजीं, वयाच्या 109 व्या वर्षीं, त्यांचें निधन झालें.